सहयात्रेचा धर्म : दीर्घ यात्रेतील थकवा आणि सहवास



मेहरूण म्हटले की बाहेरगावच्या माणसाला तलाव आणि बोरे आठवतात. येथील रहिवाशांना त्याबरोबरच आठवतात त्या पहाटेच्या निरोपाच्या वेळा. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्या तुकड्या, ज्येष्ठात पंढरीची वाट धरणारे वारकरी, उन्हाळ्याच्या सुटीत चारधामाकडे आणि हिवाळ्यात नर्मदा परिक्रमेस जाणाऱ्या यात्रेच्या गाड्या. प्रत्येक वेळी सामानाची यादी काटेकोर केलेली असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, औषधे, अंथरूण-पांघरूण, विजेरी, काहीही विसरले जात नाही. मात्र ज्यांच्यासोबत पंधरा, वीस किंवा तीस दिवस अखंड राहावयाचे, त्या माणसांसाठी मनाची तयारी क्वचितच केलेली दिसते. ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी एक खुलासा. आदिशक्ती संत मुक्ताबाईंच्या नावाने प्रसिद्ध असलेले मेहूण हे तीर्थक्षेत्र तापीकाठी मुक्ताईनगर तालुक्यात आहे. जळगाव शहरातील मेहरूण ते नव्हे. नामसाम्यामुळे परगावच्या भाविकांची गल्लत होते, ती होऊ नये. मुक्ताबाईंचा विषय पुढे येणारच आहे.

१. रस्त्याचे अंतर आणि माणसांतील अंतर

खानदेशातून पंढरपूर जवळ नाही. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी सुमारे २५० किलोमीटरची वाट चालते. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरजवळील कोथळी येथून निघून बुलढाणा, जालना, बीड अशी वाट करीत ५०० किलोमीटरहून अधिक अंतर कापते आणि सुमारे महिनाभर चालत राहते. जळगावच्या श्रीराम मंदिर संस्थानाची संत मुक्ताबाई राम पालखी आणि अमळनेरच्या संत सखाराम महाराज संस्थानाची वारी यांचीही वाट अशीच दूरची. चैत्रातील गडाची वाट त्या मानाने लहान, तरी एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव असे करीत जळगावकरास २०० किलोमीटरहून अधिक चालावे लागते, आणि तेही पारा चाळिशीच्या पलीकडे गेलेला असताना.

एवढ्या प्रवासात रस्त्याचे अंतर रोज कमी होत जाते, तसेच माणसामाणसांतील अंतरही नाहीसे होते. घरात आपण एका छपराखाली राहत असलो तरी दिवसातील अनेक तास एकमेकांपासून वेगळे असतो. कोणी शेतात, कोणी कचेरीत, कोणी स्वयंपाकघरात, कोणी ओसरीवर. भिंती आणि कामाच्या वेळा आपल्याला नकळत एकमेकांपासून विसावा देत असतात. यात्रेत हा विसावा संपतो. एकाच राहुटीत दहा-बारा जण, एकाच बाकावर चौदा तास शेजार, शौचास जाण्यापासून औषध घेण्यापर्यंत काहीच खाजगी नाही. चाळीस वर्षे संसार केलेले पती-पत्नीसुद्धा सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या यात्रेत प्रथमच चोवीस तास सलग एकत्र असतात. म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी एखाद्याचे घोरणे, एखादीचे सतत बोलणे, कोणाचा रेंगाळणारा पाय असह्य वाटू लागला, तर त्यात प्रेमाचा अभाव आहे असे समजू नये. भक्तीचा अभाव तर नाहीच नाही.

२. थकवा रागाचा वेष घेतो

शरीर थकले की प्रथम पाय बोलतात असे आपण मानतो. प्रत्यक्षात पुष्कळदा आधी जीभ बोलते. अपुरी झोप, कमी पाणी, लांबलेले जेवण आणि ऊन यांमुळे मनाचा तोल सांभाळण्याची शक्ती घटते. घरी जी गोष्ट हसण्यावारी नेली असती, तिच्यावरून वाटेत शब्द वाढतो.

एक उदाहरण घ्यावे. गडाच्या वाटेवरील तिसरा दिवस आहे. तुकडीतील एक वयस्क काका सकाळपासून चिडचिड करीत आहेत. चहा उशिरा आला म्हणून ते स्वयंपाक्यावर ओरडले, पुढे चालणाऱ्या मुलांना त्यांनी टोकले. सर्वांनी मिळून त्यांच्याशी बोलणे टाकले, आणि काका मागे एकटेच पडले. दुपारी ते लिंबाखाली बसलेले आढळतात तेव्हा हात थरथरत आहेत, अंगाला घाम सुटला आहे, बोलणे अडखळत आहे. त्यांनी मधुमेहाची गोळी वेळेवर घेतली होती, पण न्याहारी केली नव्हती. रक्तातील साखर उतरल्याची ही लक्षणे होत, आणि सकाळची चिडचिड हे त्यांपैकीच पहिले लक्षण होते. गूळ किंवा साखरपाणी मिळाले आणि वर काही खाल्ले, तर असा मनुष्य पंधरा-वीस मिनिटांत सावरतो. उशीर झाला तर शुद्ध हरपते. तुकडीने ज्याला स्वभाव समजून दूर ठेवले, तो देहाचा धावा होता.

उष्माघाताचेही तसेच आहे. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड यांपासून प्रारंभ होतो. पुढे बोलण्यात असंबद्धता येते आणि अंग तापते. अशा वेळी सावली, ओले कापड, वारा आणि त्वरित वैद्यकीय मदत हवी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी वा साखर घालू नये. चारधामास जाणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की केदारनाथ हे स्थान समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. विरळ हवेत झोप लागत नाही, डोके दुखते आणि माणूस तुसडा होतो. चढ अंगवळणी पडण्यास वेळ द्यावा, आणि सोबत्याचे बोलणे भरकटू लागले वा तोल जाऊ लागला तर त्याला विनाविलंब खाली आणावे.

म्हणून सहयात्रेचा पहिला नियम असा : सोबती चिडला तर उत्तर देण्यापूर्वी त्याला पाणी द्यावे. त्याने जेवण केले का, औषध घेतले का, रात्री झोप लागली का, हे विचारावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी अतिसार वा घामाने क्षीण झालेल्या माणसास उपयोगी पडते. हे चहाच्या लहान चमच्याचे माप आहे. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांनी आपल्या वैद्यांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा. यानंतरही राग उरला तर तो खरा राग समजावा आणि त्याचा विचार संध्याकाळी करावा. संध्याकाळीच का, ते पुढे पाहू.

३. दिंडीने घालून दिलेली रीत

शेकडो अनोळखी माणसे एकत्र चालतात, एकत्र निजतात, आणि तरीही पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दिंडीत येतात. हे केवळ भावनेने साधत नाही, त्यामागे शिस्त आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यास आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. लष्करी तळाची व्यवस्था ठाऊक असलेल्या या सत्पुरुषाने सोहळ्यात दिंड्यांचा क्रम, चोपदार, तळ आणि वेळा यांची घडी बसविली. त्या घडीतील काही गोष्टी प्रत्येक यात्रेकरूने शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट समाज आरतीची. दिवसाची वाटचाल संपवून पालखी तळावर आली की दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि त्याची वाट लावतात. हरवले-सापडलेल्या वस्तूंची व दुसऱ्या दिवशी निघण्याच्या वेळेची घोषणा होते आणि मग आरती होते.

या रीतीचा अर्थ लक्षात घ्यावा. तक्रार करणे हे येथे पाप मानलेले नाही. तिच्यासाठी वेळ, स्थळ आणि ऐकणारा मनुष्य नेमलेला आहे. वाटेत, उन्हात, भुकेल्या पोटी भांडावयाचे नाही. मुक्कामाला पोहोचून, पाय धुऊन, सर्वांसमक्ष बोलावयाचे. दिवसभर चालताना मनुष्य आपली तक्रार मनात तोलतो. संध्याकाळी सांगण्याजोगी उरली तर ती खरी, नाही तर ती उन्हाची होती. शिवाय तक्रार आरतीपूर्वी ऐकली जाते. दिवसाचे गाऱ्हाणे रात्रीच्या झोपेत नेऊ नये, ही सोय त्यात आपोआप होते.

दुसरी गोष्ट ‘माउली’ या संबोधनाची. वारीत कोणीही कोणाला माउली म्हणून हाक मारतो आणि वयाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतो. रागावलेल्या माणसालाही हाक मारताना तोंडी आईचे नाव येते. शब्दाने राग जात नाही हे खरे, पण त्याचा सूर उतरतो.

तिसरी गोष्ट वाटचालीतील क्रमाची. पहाटे काकडा, चालताना ठरलेल्या क्रमाने अभंग, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. केव्हा काय हे रोज नव्याने ठरवावे लागत नाही, आणि सहप्रवासातील अर्धी भांडणे ‘आता काय करायचे’ यावरूनच होत असतात. चालताना सर्वांच्या मुखी एकच अभंग असल्याने सतत बोलत राहण्याचे बंधनही कोणावर पडत नाही. सोबत आहे, तरी प्रत्येकजण आपल्यापुरता मोकळा आहे.

चौथी गोष्ट खेळाची. रिंगण झाल्यावर वयोवृद्ध वारकरी फुगडी घालतात, हुतूतू खेळतात. इतके चालून आलेल्यांनी आणखी नाचावे याचे नवख्याला आश्चर्य वाटते. परंतु एकाच चालीने आखडलेल्या अंगाला आणि एकाच संगतीने आखडलेल्या मनाला त्या अर्ध्या तासात मोकळीक मिळते.

४. ताटी

सहवासावरील सर्वांत मोठा धडा मात्र आपल्या खानदेशच्या मुक्ताबाईंकडे आहे. परंपरा सांगते की लोकनिंदेने व्यथित झालेले ज्ञानदेव एकदा पर्णकुटीची ताटी, म्हणजे कुडाचे दार, लावून आत बसले. चार अनाथ भावंडांचे ते घर. बाहेर धाकटी बहीण. तिने दार ढकलले नाही आणि पाठ फिरवून निघूनही गेली नाही. दाराशी थांबून ती समजावीत राहिली, आणि ज्ञानदेव बाहेर आले. तिचे ते बोलणे ‘ताटीचे अभंग’ म्हणून मराठीत अजरामर झाले आहे.

यात्रेकरूंसाठी यात दोन गोष्टी आहेत. मनुष्याला अधूनमधून ताटी लावून घ्यावीशी वाटते. ती त्याला लावू द्यावी. कोणी खिडकीकडे तोंड करून बसला, कोणी दिंडीच्या टोकाशी एकटाच चालू लागला, कोणी नदीकाठी घटकाभर बसला, तर ‘काय झाले, कोणावर रागावलात’ असे विचारून त्याचा पिच्छा पुरवू नये. रोज निदान अर्धा तास प्रत्येकाला स्वतःचा मिळावा आणि त्या वेळात त्याला कोणी हाक मारू नये, असे तुकडीने निघतानाच ठरवावे. जपाच्या वेळेला जो मान आपण देतो, तोच या अर्ध्या तासालाही द्यावा.

दुसरी गोष्ट, ताटी लागलेली फार वेळ राहू देऊ नये. जेवणाच्या पंगतीला जो सलग दोन वेळा आला नाही, त्याच्या दाराशी कोणीतरी जावेच. कोणी जावे? ज्याच्याशी खटका उडाला त्यानेच जावे असे नाही. घरातील वा तुकडीतील सर्वांत धाकट्याने जावे. थोरांच्या सांगण्यात हुकूम येतो. धाकट्याच्या बोलावण्यात तो नसतो, म्हणून ते पुष्कळदा अधिक लवकर मानले जाते.

५. गाडीने जाणाऱ्यांसाठी

पायी चालणारा थकतो, पण त्याचा थकवा त्याला गाढ झोप देतो. गाडीतील थकवा निराळा असतो. पाय सुजतात, कंबर धरते, डोळा लागतो आणि लगेच मोडतो. अंगाला श्रम नाहीत आणि मनाला विसावा नाही, अशा स्थितीत कुरबुरी वाढतात. त्यांची कारणे फार क्षुल्लक असतात. खिडकीची जागा, पंखा वा वातानुकूलन, गाडी थांबविण्याची वेळ आणि आंघोळीची पाळी ही त्यांतील मुख्य होत.

जागा रोज एका ओळीने पुढे सरकवाव्यात, म्हणजे खिडकी व शेवटचे बाक दोन्ही सर्वांच्या वाट्याला येतात. पती-पत्नींनीही अधूनमधून निरनिराळ्या शेजारी बसावे. दर दोन तासांनी गाडी थांबवून सर्वांनी उतरून चालावे, विशेषतः वृद्धांनी. लघवीस जावे लागेल या संकोचाने माताभगिनी पाणी पिणे टाळतात. हे आरोग्यास घातक आहे. थांबा मागणाऱ्याला कोणी हसणार नाही, असे संयोजकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

चालक हाही सहयात्रीच आहे. पहाटेपूर्वीच्या प्रहरी आणि दुपारच्या जेवणानंतर झोपेची गुंगी अधिक येते. दर्शनाची एक वेळ साधण्यासाठी त्याला रात्रभर जागवू नये. सर्व भाविक धर्मशाळेत आणि चालक गाडीच्या बाकावर, अशी व्यवस्था असेल तर ती प्रथम बदलावी. त्याच्या झोपेवर सर्वांचे प्राण अवलंबून आहेत.

६. पंगतीचा प्रश्न

सहवासाची कसोटी चालण्यात लागते त्याहून अधिक जेवणात लागते. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी वारीत चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो ‘परिपूर्ती’ या त्यांच्या १९४९ च्या पुस्तकात आहे. एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवताना मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, याची खंत त्यांनी त्यात नोंदविली. त्याच काळात, १९४७ च्या मे महिन्यात, पूर्वी अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी प्राणांतिक उपोषण केले आणि ते दार उघडले. जे दार इतक्या कष्टाने उघडले, ते आपण आपल्या पंगतीत पुन्हा लावून घेत नाही ना, हे प्रत्येक तुकडीने पाहावे.

दुसरी पंगत डोळ्यांस दिसत नाही. कौटुंबिक यात्रेत सर्वांची ताटे वाढून, सर्वांचे कपडे वाळत घालून, सर्वांची औषधे काढून देऊन सर्वांत शेवटी जेवणारी एक स्त्री बहुधा असतेच. तिची यात्रा म्हणजे घरचेच काम, तेही परक्या चुलीवर. तिचा थकवा इतरांहून दुप्पट असतो आणि ती बोलत नाही. दिंडीत भिशी देऊन स्वयंपाकाची सोय आधीच केलेली असते. गाडीने वा गटाने जाणाऱ्यांनीही कामाच्या पाळ्या लावाव्यात, आणि त्या यादीत पुरुषांची व तरुणांची नावे असावीत. यात्रेहून परतताना घरातील एकजण यात्रेपूर्वीपेक्षा अधिक थकून आला असेल, तर त्या यात्रेचे पुण्य इतरांनी आपापसांत वाटून घेतले असे होत नाही.

७. निघण्यापूर्वी

पुढील गोष्टी प्रस्थानाच्या महिनाभर आधी ठरवाव्यात.

(१) ज्यांच्यासोबत जावयाचे, त्यांच्यासोबत रोज सकाळी चालण्याचा सराव करावा. मेहरूण तलावाचा काठ त्यास उत्तम आहे. पायांबरोबर एकमेकांच्या चालीचीही ओळख होते.

(२) जो सर्वांत सावकाश चालतो, त्याच्या चालीने रोजचा टप्पा ठरवावा.

(३) नवी पादत्राणे यात्रेत प्रथमच घालू नयेत. पायाला फोड आल्यास तो फोडू नये, स्वच्छ पट्टी बांधावी.

(४) प्रत्येकाचे आजार, औषधे व त्यांच्या वेळा किमान अन्य दोघांना ठाऊक असाव्यात.

(५) खर्चाचा हिशेब एकाने लिहावा आणि तो रोज रात्री वाचून दाखवावा.

(६) संध्याकाळी एक ठराविक वेळ गाऱ्हाण्यांसाठी राखावी. ऐकण्यासाठी सर्वमान्य अशी एक व्यक्ती नेमावी. त्या वेळेबाहेर तक्रार नको, आणि त्या वेळी मौन नको.

(७) दुपारी तासभर विश्रांती घ्यावी. रात्री लवकर निजणाऱ्यांची व उशिरा निजणाऱ्यांची जागा वेगळी ठेवावी.

(८) परतल्यावर दोन दिवस कोणीही कोणाच्या वागण्याचा पाढा वाचू नये. थकलेल्या मनाने केलेले मूल्यमापन चुकते.

देणगीदारांस विनंती

यात्रेकरूंना अन्नदान करणारे हात पुष्कळ आहेत, ते वंदनीय आहेत. परंतु वाटेवर भोजनाइतकीच विसाव्याची उणीव असते. दुपारी अंग टाकण्यास सावली, पिण्याचे स्वच्छ पाणी, माताभगिनींसाठी आडोसा व स्वच्छतागृह, पायांस चोळण्यास तेल, तुटलेली वहाण शिवून देणारा कारागीर, यांसाठी दिलेले दान थेट माणसाच्या थकव्यापर्यंत पोहोचते. ज्याला घटकाभर पाठ टेकायला मिळाली, तो पुढच्या वाटेत सोबत्याशी गोड बोलतो. त्या गोड बोलण्यातही आपला वाटा असतो.

पंढरी असो वा गड, देव तेथे उभा आहेच, आपण पोहोचेपर्यंत तो कोठे जात नाही. वाटेत जपावयाची असतात ती आपल्या सोबतची माणसे. ज्यांच्यासोबत निघालो त्यांच्याचसोबत हसतमुखाने परत यावे, आणि पुढल्या वर्षीचा बेत परतीच्या वाटेवरच ठरावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ रामकृष्ण हरी ॥